रुग्णाच्या कागदांचे आयुष्य

तालुक्याच्या गावी पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या कोणत्याही शुश्रूषागृहात, जिन्याखाली म्हणा किंवा माळ्यावर म्हणा, एक अंधारी खोली हमखास असते, जिच्यात वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधून, वर शाईने साल घालून, एकावर एक रचून ठेवलेले असतात. दवाखान्याच्या नित्य बोलण्यात यांना ‘इनडोअर पेपर’ म्हणतात. असा एखादा गठ्ठा सोडून त्यातील एकच संच हाती घ्यावा, म्हणजे या कागदांची योग्यता ध्यानात येते. पहिल्या पानावर रुग्णाचे नाव, वय, गाव, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ. आत संमतीपत्र, त्यावर सही अथवा डाव्या हाताचा अंगठा. मग ताप, नाडी आणि श्वास यांचा चौकटी-चौकटींचा तक्ता. परिचारिकेने रात्री दोनला, पहाटे चारला टिपलेला रक्तदाब. भूल देणाऱ्या डॉक्टरांची टिपणे. रक्त-लघवीच्या तपासण्यांचे लहानमोठे कागद. आणि शेवटी घरी सोडताना दिलेल्या डिस्चार्ज कार्डाची प्रत. त्या चार-सहा दिवसांत एका देहावर काय गुजरले, कोणी काय पाहिले, काय केले आणि काय करावयाचे राहून गेले, याचा इतका बारकाईचा वृत्तांत अन्यत्र कोठेही लिहिलेला नसतो; ज्याच्यावर गुजरले त्या रुग्णालाही त्यातील फार थोडे आठवत असते.

हे कागद किती वर्षे जतन करावेत, याचा आपल्याकडील मूळ नियम सामान्य माणसाला बहुधा ठाऊक नसतो. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली वैद्यक व्यावसायिकांच्या आचरणासंबंधी जे विनियम केले, त्यांत असे सांगितले आहे की, प्रत्येक डॉक्टरने आपल्या आंतररुग्णांची, म्हणजे खाटेवर दाखल करून घेतलेल्या रुग्णांची कागदपत्रे, उपचारास आरंभ झाल्याच्या तारखेपासून ३ वर्षे ठेवावीत. रुग्णाने, त्याच्या अधिकृत माणसाने किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने ती मागितल्यास मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांच्या आत कागद हाती द्यावेत. आणि आपण दिलेल्या वैद्यकीय दाखल्यांची एक स्वतंत्र नोंदवही ठेवून तीत रुग्णाची सही किंवा अंगठा आणि त्याच्या अंगावरची निदान एक ओळखीची खूण नमूद करावी. कागद न ठेवणे आणि मागितल्यावर ते न देणे हे व्यावसायिक गैरवर्तन समजले जाते. याच्याही आधी, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने, गोपनीयतेची सबब पुढे करून खुद्द रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या आप्ताला केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत, असे निःसंदिग्ध शब्दांत ठरविले होते. गोपनीयता रुग्णाच्या रक्षणासाठी असते. तिचा आडोसा रुग्णाविरुद्धच उभा करावा, यापरता विपर्यास नाही.

सरकारी रुग्णालयांचा जुना शिरस्ता याहून उदार आहे: बाह्यरुग्णांचे कागद ५ वर्षे, आंतररुग्णांचे १० वर्षे, आणि पोलिसांकडे नोंद झालेल्या, म्हणजे ‘एमएलसी’ प्रकरणांचे कागद खटल्याचा निकाल लागेपर्यंत. खाजगी दवाखान्यातील बाह्यरुग्णांच्या केसपेपरविषयी मात्र २००२ चे विनियम मुदतीचा एक शब्दही बोलत नाहीत; आणि आपल्या देशातील बहुसंख्य रुग्ण खाटेवर झोपत नाहीत, ते बाकावर बसून, औषध घेऊन घरी जातात.

या ३ वर्षांच्या मुदतीकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे. ती मोजावयाची कोठून, तर उपचार सुरू झाल्यापासून. अपघातात मोडलेला हात सहा आठवड्यांत जुळून आला, तर ही मोजणी चालून जाईल. पण ज्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस घ्यावे लागते आणि ज्याचा उपचार आयुष्यभर संपणारच नाही, त्याच्या बाबतीत नियमाचे अक्षर धरून चालणारा मनुष्य उपचार चालू असतानाच त्याचे आरंभीचे कागद रद्दीत घालू शकेल. वैद्यक परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी जे नवे विनियम प्रसिद्ध केले, त्यांत ही उणीव भरून काढली होती: मोजणी रुग्णाशी आलेल्या शेवटच्या संबंधापासून करावयाची होती, आणि स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांच्या बाह्यरुग्णांचाही त्यात समावेश होता. परंतु अन्य कलमांवरून वाद उठल्यामुळे ते सगळेच विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चे विनियम पुन्हा अंमलात आले. त्या वादात कोणाची बाजू रास्त होती हा प्रश्न निराळा. कागद राखण्याविषयीची चांगली तरतूद मात्र नाहक त्याबरोबर बुडाली, याची खंत वाटते.

याहून गंभीर गोष्ट लहान मुलांची. प्रसूती अडली, बाळाच्या मेंदूला काही मिनिटे प्राणवायू कमी पडला, तर त्या इजेचे रूप त्याच दिवशी संपूर्ण दिसत नाही. मूल मान उशिरा धरते, बसावयास उशीर होतो, पाय ताठर राहतात. घरातील वडीलधारी माणसे काही काळ ‘होईल हळूहळू’ म्हणून धीर देतात. आणि निदान होऊन, त्या निदानाचा धक्का पचवून, आईबाप जेव्हा त्या रात्री प्रसूतिगृहात नेमके काय झाले असे विचारू लागतात, तेव्हा दोन-तीन वर्षे सहज उलटून गेलेली असतात. बाळाच्या हृदयाचे ठोके किती वाजता किती होते, वरिष्ठ डॉक्टरांना बोलावणे केव्हा गेले आणि ते केव्हा आले, हे सांगणारा दुसरा साक्षीदार उरलेला नसतो. असतो तो फक्त प्रसूतीचा तक्ता. आपल्या मुदतीच्या कायद्याने, म्हणजे १९६३ च्या अधिनियमाने, अज्ञान व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दावा दाखल करण्याची मोकळीक ठेवली आहे. ३ वर्षांची मुदत असलेल्या दाव्यात ती वयाच्या २१व्या वर्षापर्यंत पोहोचते. एका कायद्याने मुलाला २१ वर्षांपर्यंत न्यायालयाचे दार उघडे ठेवावे आणि दुसऱ्या नियमाने त्याचा एकमेव पुरावा तिसऱ्या वाढदिवसाला नष्ट करण्यास मुभा द्यावी, ही विसंगती दूर झालीच पाहिजे. मुलांचे आणि प्रसूतीचे कागद निदान २१ वर्षे ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि जे डॉक्टर आजही स्वतःहून ते ठेवतात त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

यात डॉक्टरांचेही हित आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला, तेव्हापासून ग्राहक आयोगापुढे रुग्णांच्या तक्रारींना निश्चित वाट मिळाली. तेथे तक्रारीची मुदत २ वर्षांची असली, तरी पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो. आणि ज्याच्या ताब्यात कागद असावयास हवा त्याने तो हजर केला नाही, तर तो त्याच्या विरुद्ध जाणारा होता असे अनुमान काढण्याची न्यायालयास मुभा असते. ज्याने रात्रभर जागून, योग्य तेच उपचार केले, त्या सज्जन डॉक्टरवर केवळ गठ्ठा सापडत नाही म्हणून दोषाचा ठपका यावा, हे रुग्णावरील अन्यायाइतकेच दुःखदायक आहे.

पण खटले आणि तक्रारी हा या विषयाचा एक कोपरा झाला. न्यायालयाची मुदत आणि व्याधीची मुदत या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, हे ज्या प्रकरणाने लख्ख दाखवून दिले ते ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांचे. ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके सूक्ष्म असतात की ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथेच रुतून बसतात. त्यांच्यामुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पुष्कळदा वीस, तीस, चाळीस वर्षांनी प्रकट होतो. तोवर कामगार निवृत्त होऊन गावी गेलेला असतो, कारखान्याचे मालक बदललेले असतात, कदाचित कारखाना पाडून तेथे इमारती उभ्या राहिलेल्या असतात. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि असा आदेश दिला की, प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक कागदपत्रे नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जपून ठेवावीत. एकीकडे ३ वर्षे, एकीकडे ४०! पहिली मुदत दप्तराच्या सोयीने ठरली, दुसरी व्याधीच्या स्वभावाकडे पाहून ठरली. पंचविसाव्या वर्षी काढलेले छातीचे क्ष-किरण चित्र निर्मळ होते आणि पंचेचाळिसाव्या वर्षीच्या चित्रात डाग दिसतो, एवढे दाखविता आले तरच त्या कामगाराच्या विधवेला काही मिळण्याची आशा असते. आणि ते दाखविण्यास पहिले चित्र शाबूत असावे लागते.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायूच्या गळतीने जे घडले, त्यानंतरच्या दीर्घ कोर्टकज्ज्यांतही हेच दुखणे वारंवार वर आले. वायूने बाधलेल्यांचे आजार त्याच रात्री संपले नाहीत. ते वर्षानुवर्षे निरनिराळ्या रुग्णालयांत, निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर विखुरत गेले. दुर्घटनेला २७ वर्षे उलटून गेल्यावर, ९ ऑगस्ट २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला असा आदेश द्यावा लागला की, वायुपीडितांची वैद्यकीय माहिती संगणकावर घ्यावी आणि प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका व स्मार्ट कार्ड द्यावे.

वैद्यकशास्त्रालाही या कागदांचा आधार लागतो. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे अशी पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. या नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत जाऊन, निदानाचे आणि उपचारांचे कागद पाहून, नोंदी उतरवून घेतात. कोणत्या भागात तोंडाचा कर्करोग अधिक, कोणत्या वयात स्तनाचा, हे आज आपण ज्या निश्चयाने बोलू शकतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे. जेथे कागद नाही तेथे तो रुग्ण शास्त्राच्या दृष्टीने आजारीच पडला नाही.

विशेष कायद्यांनी घातलेल्या मुदती आणखी वेगळ्या आहेत. सोनोग्राफी केंद्रांनी गर्भवतीची तपासणी करताना भरावयाचे ‘एफ’ नमुने व तत्संबंधी कागद २ वर्षे, आणि खटला चालू असल्यास त्याचा अखेरचा निकाल लागेपर्यंत. वैद्यकीय गर्भपाताची दाखलनोंदवही त्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षे. सरोगसीचे कागद तब्बल २५ वर्षे. ‘एच वन’ अनुसूचीतील प्रतिजैविकांची औषध-दुकानातील नोंद ३ वर्षे. एका कारकुनावर चालणाऱ्या लहान रुग्णालयाने हे सगळे ध्यानात ठेवणे सोपे नाही, आणि सर्व मुदतींचा एकच तक्ता सरकारने प्रसिद्ध करून प्रत्येक शुश्रूषागृहात लावावयास द्यावा, ही मागणी मुळीच अवाजवी ठरणार नाही. यांपैकी गर्भपाताच्या नोंदवहीसंबंधीचा नियम मला विशेष मननीय वाटतो. ती वही गुप्त दस्तऐवज मानलेली आहे. तीत स्त्रीचे नाव असते, परंतु इतर कागदांवर केवळ तिचा अनुक्रमांक आणि साल लिहावयाचे असते, आणि वही रुग्णालयाच्या प्रमुखाच्या ताब्यात सुरक्षित ठेवावयाची असते. जतन आणि गोपन ही दोन्ही कर्तव्ये एकाच वहीत कशी सांभाळावीत, याचा हा उत्तम नमुना आहे.

कायद्याने मुदत घालून दिली तरी कागद तितका टिकतोच असे नाही. कोकणातील चार महिन्यांचा दमटपणा, वाळवी, कसर आणि तळमजल्यात शिरणारे पुराचे पाणी हे शत्रू सर्वांना माहीत आहेत. एक शत्रू मात्र कागदाच्या पोटातच असतो. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, ज्या पट्टीवर निघतो ती पट्टी बहुधा उष्णतेने काळी पडणाऱ्या रसायनाने माखलेली असते. यंत्रातील तप्त टोक तिच्यावरून फिरते आणि रेषा उमटते, त्यात शाईचा थेंबही नसतो. अशी पट्टी उन्हात राहिली, प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवली किंवा नुसती जुनी झाली, तरी रेषा फिकट होत जातात किंवा सगळा कागदच काळवंडतो. फाइलीत पट्टी जागेवर असते, तिच्यावर नाव असते, तारीख असते; आणि ज्या आलेखावरून हृदयविकाराचा झटका ओळखला, तो आलेख तेवढा नसतो. म्हणून जाणते डॉक्टर त्याच दिवशी तिची साध्या कागदावर छायाप्रत काढून जोडून ठेवतात. घरी ईसीजी असेल त्याने आजच हे करावे. क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मवर चांदीचा अंश असतो आणि तो काढून घेण्यासाठी भंगारवाले त्या विकत घेतात. रुग्णालयांनी फिल्म भंगारात देताना तीवरील नावे कोणाच्या हाती जातात याचा विचार अवश्य करावा.

या सर्व विवंचनांवर संगणक हा रामबाण उपाय आहे, अशी समजूत आता रूढ होत आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य-अभिलेखांची मानके प्रथम २०१३ साली आणि सुधारून २०१६ साली प्रसिद्ध केली. त्यांतील दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, रुग्णालयाकडे असलेले अभिलेख, मग ते कागदी असोत वा इलेक्ट्रॉनिक, रुग्णाच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केलेले आहेत, असे तेथे स्पष्टपणे मानले आहे. दुसरी ही की, इलेक्ट्रॉनिक अभिलेख रुग्णाच्या हयातीत कधीही नष्ट करू नयेत. त्याच्या मृत्यूनंतर, कोणतेही प्रकरण प्रलंबित नसेल तर, साधारणपणे ३ वर्षांनी ते निष्क्रिय वर्गात टाकावेत, असे ती मानके सुचवितात. मनुष्याच्या आयुष्याइतकेच त्याच्या कागदांचे आयुष्य असावे, हा विचार येथे सरकारी लेखणीतून उतरला. ही मानके म्हणजे कायदा नव्हे. परंतु कायद्याने कोणत्या दिशेस जावे हे त्यांनी दाखवून दिले आहे.

तथापि इलेक्ट्रॉनिक अभिलेख ठेवणे याचा अर्थ तो कोठेतरी साठवलेला असणे एवढाच नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात अशा अभिलेखाने जतनाची आवश्यकता पूर्ण होण्यासाठी तीन अटी घातल्या आहेत: पुढे केव्हाही तो उघडून पाहता आला पाहिजे, तो मूळ रूपात, किंवा मूळ मजकूर तंतोतंत दाखवील अशा रूपात असला पाहिजे, आणि तो कोठून आला, कोठे गेला, कोणत्या दिवशी व वेळी, हे त्यावरून समजले पाहिजे. पहिल्याच अटीवर पुष्कळांची गाडी अडते. दहा वर्षांपूर्वी एमआरआयची जी तबकडी रुग्णाच्या हाती दिली, ती चालविण्याची सोय आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये नाही. ज्या कंपनीच्या प्रणालीत रुग्णालयाने नोंदी भरल्या, तिच्याशी करार संपल्यावर त्या नोंदी दुसऱ्या प्रणालीला वाचता येतील अशा रूपात परत मिळाव्यात, हे करारात लिहून घेण्याची दक्षता थोडेच घेतात. दिल्लीच्या एम्ससारख्या अग्रगण्य संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा तेथील नोंदणीपासून तपासणीपर्यंतचे कामकाज कित्येक दिवस पुन्हा हाताने, कागदावर करावे लागले. रुग्णालयाच्या आवारातच दुसरी प्रत ठेवणे आग, पूर किंवा अशा हल्ल्यापुढे पुरेसे पडत नाही. एक प्रत दूरस्थ आणि मुख्य यंत्रणेपासून तुटक असावी लागते.

दुसरा प्रश्न सचोटीचा. कागदावर खाडाखोड केली तर डोळ्यांना दिसते; संगणकात जुना आकडा पुसून नवा घातला तर वरवर पाहता काहीच दिसत नाही. म्हणून प्रणालीने प्रत्येक बदलाची, बदल करणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह, अशी नोंद ठेवली पाहिजे की जी खुद्द डॉक्टरलाही पुसता येऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमान्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात दाखल करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात त्या फाइलचा ‘हॅश’ही नमूद करावयाचा असतो. फाइलीतील संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली ही एक लांबलचक संख्या असते. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती पार वेगळी येते. सोनोग्राफीच्या नियमांनी मात्र अद्याप कागदावरच भिस्त ठेवली आहे: नोंद संगणकावर ठेवली तरी तिची छापील प्रत काढून, जबाबदार व्यक्तीने ती प्रमाणित करून जपावयाची असते. ज्या महाराष्ट्राने १९८८ साली, साऱ्या देशाच्या आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तेथे या दक्षतेचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आणि आता तर सल्लाही मोबाइलवर मिळतो. २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, अशा सल्ल्याच्या संभाषणाची नोंद, रुग्णाने पाठविलेले अहवाल व छायाचित्रे आणि दिलेले औषधपत्र जतन करण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे. व्हॉट्सॲपवरील छायाचित्र फोन बदलताना हरवू शकते. रुग्णाने ते वेळीच छापून घ्यावे किंवा नाव-तारखेसह वेगळे साठवावे.

मुदत संपल्यावर कागद नष्ट करण्याचीही एक रीत आहे. चांगली रुग्णालये वृत्तपत्रांत, त्यातही स्थानिक भाषेतील पत्रात, जाहीर सूचना देतात की अमुक सालापर्यंतचे कागद अमुक तारखेनंतर नष्ट केले जातील, हवे असतील त्यांनी तत्पूर्वी घेऊन जावेत. न्यायप्रविष्ट प्रकरणांचे गठ्ठे बाजूला काढतात. उरलेले रद्दीवाल्यास न देता यंत्राने बारीक तुकडे करून मगच बाहेर पाठवितात आणि काय नष्ट केले त्याची यादी कायमची ठेवतात. या सूचना आतल्या पानांवर बारीक अक्षरांत येतात, पण ज्यांच्या घरी मोठे आजारपण, शस्त्रक्रिया किंवा अवघड प्रसूती झालेली आहे त्यांनी त्या वाचाव्यात. सूचनेची वाटही पाहू नये. घरी सोडल्यानंतर काही आठवड्यांतच संपूर्ण इनडोअर पेपरची प्रत मागून घ्यावी, कारण नुसत्या डिस्चार्ज कार्डात परिचारिकेच्या नोंदी आणि भुलेची टिपणे नसतात. अर्ज तोंडी करू नये. साध्या कागदावर रुग्णाचे पूर्ण नाव, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख आणि कार्डावरचा आंतररुग्ण क्रमांक लिहावा, छायाप्रतींचा खर्च देण्याची तयारी नमूद करावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारीख-वेळ यांसह पोच घ्यावी. कागद मिळाले नाहीत आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करण्याची पाळी आली, तर ७२ तासांचा हिशेब त्या पोचेवरूनच दाखविता येतो.